सतरा नॉब आणि एक काटा

शनिवार असल्यामुळे स्टॅनफर्ड विद्यापीठाचं सामानाचं भांडार बंद होतं. १९५९ सालच्या शरदातली गोष्ट. एकोणतीस वर्षांचा एक प्राध्यापक आणि त्याच्याकडे नुकताच संशोधनाला आलेला एक विद्यार्थी पालो आल्टो गावातल्या झॅक नावाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. स्विच, नॉब, तारा असा माल घेतला आणि विद्यार्थ्याच्या बिऱ्हाडी जोडणी करत बसले. रविवारी सकाळी यंत्र चालू झालं होतं.

घाई एवढ्यासाठी, की आदल्या दिवशी दुपारी दोघांनी फळ्यावर एक ओळ लिहिली होती. समोरच्याच खोलीत लॉकहीड कंपनीने देणगी दिलेला ॲनालॉग संगणक होता. विद्यार्थ्याने त्यावर ती ओळ बसवली आणि अर्ध्या तासात ती चालते हे दिसलं. आता स्वतःचं यंत्र हवं होतं आणि सोमवारपर्यंत धीर निघत नव्हता. प्राध्यापकांचं नाव बर्नार्ड विड्रो, विद्यार्थ्याचं मार्शियन हॉफ. हॉफना सगळे टेड म्हणत.

फळ्यावरची ती ओळ पुढे ‘लीस्ट मीन स्क्वेअर’, म्हणजे एलएमएस, या नावाने ओळखली जाऊ लागली. फोनवरचा प्रतिध्वनी मारण्यात ती आहे, मोडेममध्ये आहे, पोटातल्या बाळाचे ठोके वेगळे काढण्यात आहे आणि आजच्या न्यूरल नेटवर्कच्या शिकण्यातही तिचंच रक्त आहे. एका प्राध्यापकाची अर्ध्या शतकाहून मोठी कारकीर्द या ओळीभोवती फिरली. ओळीचा अर्थ मात्र तंबोरा जुळवणाऱ्या कुणालाही सांगता येईल.

तार छेडायची, ऐकायचं. उतरलेली असेल तर चढवायची, चढली असेल तर उतरवायची. फार बेसूर असेल तर खुंटी पिळायची, थोडक्यासाठी मणी सरकवायचा. पुन्हा छेडायची, पुन्हा ऐकायचं. जुळवणारा दहा वेळा छेडून त्याची सरासरी काढत बसत नाही. आत्ता जी चूक कानावर आली, तिच्यावर विसंबून तो हात हलवतो.

फक्त विड्रो-हॉफ यांची अडचण तंबोऱ्यापेक्षा मोठी होती. तंबोऱ्याची प्रत्येक तार वेगळी ऐकता येते. त्यांच्या यंत्रात सतरा तारा एकदम वाजत होत्या आणि कानावर येत होता तो एकच मिश्र आवाज. एकूण किती चुकलं हे कळे, पण कोणती खुंटी किती पिळायची? ओळ सांगते ते असं: चूक घ्या, त्या तारेतून आत्ता जितका संकेत आला तितक्याने तिला गुणा, एका लहानशा संख्येने पुन्हा गुणा आणि आलेलं उत्तर त्या खुंटीच्या जुन्या मापात मिळवा. ज्याचा आवाजात वाटा मोठा, त्याच्याकडे दुरुस्तीचा वाटा मोठा. त्या लहानशा संख्येला अभियंते म्यू म्हणतात. ती मोठी धरली तर खुंटीसारखं होतं, झटक्यात जवळ येतं पण पलीकडे उडी पडण्याची भीती. लहान धरली तर मण्यासारखं, अचूक पण वेळखाऊ.

एवढ्या साध्या गोष्टीला १९५९ साल का उजाडावं लागलं, हे समजायला तिची वंशावळ पाहायला हवी.

मूळ पुरुष आकाशात सापडतो. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीच्या पालेर्मो वेधशाळेत ज्युसेप्पे पियाझ्झींना एक नवा ठिपका दिसला, सेरेस. सुमारे सहा आठवडे त्यांनी त्याचे वेध घेतले आणि मग तो सूर्याच्या उजेडात हरवला. आकाशाच्या एवढ्याशा तुकड्यावरून, तेही थोड्याफार चुकलेल्या मोजमापांवरून, तो पुन्हा कुठे दिसेल हे सांगायचं होतं. चोविशीतल्या कार्ल फ्रीडरिक गाउसने गणित केलं आणि वर्ष संपता संपता सेरेस त्याने सांगितलेल्या जागेजवळ सापडला. गाउसच्या त्या काळच्या विचारांतली एक चाल अशी, की प्रत्येक मोजमापाची चूक घ्यावी, तिचा वर्ग करावा आणि सगळ्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल ते उत्तर खरं मानावं. लघुतम वर्गांची ही पद्धत छापून पहिल्यांदा आली ती फ्रान्सच्या लजान्द्रने १८०५ साली दिलेली. गाउसने १८०९ मध्ये लिहिताना आपण ती १७९५ पासून वापरत असल्याचं सांगितलं आणि मानापमानाचं एक लांबलचक नाटक सुरू झालं. आपल्याला त्यातलं हवं ते एवढंच, की चूक ही लपवायची गोष्ट न राहता मोजायची गोष्ट झाली.

दुसरा पूर्वज ऑगस्तँ लुई कोशी. सगळी समीकरणं एकदम सोडवणं जिकिरीचं असेल, तर जिथे आहोत तिथून सर्वांत तीव्र उताराची दिशा बघावी आणि एक पाऊल खाली उतरावं, असं त्याने १८४७ मध्ये सुचवलं. धुक्यात गड उतरणारा माणूस हेच करतो. पायथा दिसत नसतो, पायाखालचा उतार तेवढा कळतो.

तिसरा पूर्वज युद्धातून आला. दुसऱ्या महायुद्धात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, एमआयटीत, नॉर्बर्ट वीनर यांच्यापुढे प्रश्न होता की विमान क्षणभरानंतर कुठे असेल, म्हणजे तोफ कुठे रोखायची. रडारच्या गोंगाटातून खरा मार्ग वेगळा काढणारी उत्तमोत्तम गाळणी कशी असावी, याचं गणित त्यांनी १९४२ च्या एका गुप्त अहवालात मांडलं. अहवालाचं वेष्टण पिवळं आणि आतलं गणित इतकं बिकट की अभियंत्यांनी त्याला ‘पिवळं संकट’ असं नाव ठेवलं. युद्धानंतर, १९४९ मध्ये, ते पुस्तकरूपाने सर्वांसाठी खुलं झालं. वीनरच्या गाळणीची एक अट होती. संकेताचा आणि गोंगाटाचा स्वभाव, म्हणजे त्यांची सांख्यिकी, आधी ठाऊक हवी. चहाची गाळणी घेताना पूड किती बारीक आहे हे माहीत असावं लागतं, तसंच. पूड दर कपाला बदलत असेल तर काय, याला वीनरकडे उत्तर नव्हतं.

याच एमआयटीत विड्रो घडले. कनेटिकट राज्यातल्या नॉर्विच गावी वडिलांचा बर्फाचा कारखाना होता. तिथली जनित्रं, मोटारी, कॉम्प्रेसर बघत वाढलेल्या मुलाने मोठेपणी इलेक्ट्रिशियन व्हायचं ठरवलं. वडिलांनी दुरुस्ती केली, की इलेक्ट्रिशियन नव्हे, इलेक्ट्रिकल इंजिनिअर हो. एमआयटीत त्यांनी आधी संगणकाच्या चुंबकी स्मृतीवर काम केलं. मग विल्यम लिनव्हिल यांच्या हाताखाली १९५६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय चुकीचाच होता. सलग संकेत आकड्यांत बसवताना जे अपूर्णांक छाटले जातात त्यांनी किती गोंगाट निर्माण होतो, हा.

त्याच उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात जॉन मॅकार्थी, मार्व्हिन मिन्स्की वगैरेंनी भरवलेल्या बैठकीला विड्रो काही दिवस जाऊन आले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव रूढ झालं ती हीच बैठक. परतल्यावर कित्येक महिने विचार करणाऱ्या यंत्राने त्यांना पछाडलं. शेवटी त्यांनी हिशेब मांडला की असं यंत्र बनायला पंचवीस वर्षं तरी लागतील, आणि पोटापाण्याचं, म्हणजे गाळण्यांचं, काम हाती घेतलं. वीनरची अट काढून टाकायची, गाळणीने वापरता वापरता स्वतःची भोकं स्वतः लहानमोठी करायची, हे त्यांचं उद्दिष्ट झालं. १९५९ मध्ये ते हा विषय घेऊन स्टॅनफर्डला आले.

आता त्या शुक्रवारच्या फळ्याकडे परत येऊ. उतार काढायचा तर चुकीच्या वर्गाची सरासरी हवी, आणि सरासरीसाठी पुष्कळ नमुने साठवायला हवेत. हॉफना हे समजावताना विड्रोंची आकडेमोड अशा ठिकाणी आली, की सरासरी न काढता एकाच चुकीच्या वर्गाचा उतार घेतला तरी चालेल असं वाटू लागलं. एका नमुन्याचा उतार बेभरवशाचा, कधी डावीकडे ओढणारा, कधी उजवीकडे. पण पावलं लहान टाकली तर पावलांचीच सरासरी होते. वेगळी सरासरी काढायचं काम चालण्याकडे सोपवता येतं. स्मृती लागत नाही, सांख्यिकी लागत नाही. लागतात ते दोन गुणाकार आणि एक बेरीज.

झॅकच्या दुकानातल्या मालातून बनलेल्या यंत्राचं नाव त्यांनी ॲडलाइन ठेवलं. त्याच्या तोंडावर चार ओळी आणि चार स्तंभ असे सोळा स्विच. स्विच वरखाली करून त्यावर एखाद्या इंग्रजी अक्षराची आकृती काढायची. प्रत्येक स्विचचा एक नॉब, शिवाय एक जादा नॉब, मिळून सतरा. सगळ्यांची बेरीज काट्यावर दिसे. शिकवणारा माणूस अक्षर मांडायचा, काटा हवा तिथून किती दूर आहे ते बघायचा आणि त्या अंतराचे सतरा भाग करून प्रत्येक नॉब एकेका भागाने फिरवायचा. कुठला उजवीकडे, कुठला डावीकडे, ते त्याच्या स्विचच्या स्थितीवर ठरे. काटा जागेवर आला की पुढचं अक्षर. त्याने आधीचं थोडं बिघडायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. काही फेऱ्यांनंतर यंत्र सगळी अक्षरं ओळखू लागे, एखादा स्विच चुकीचा असला तरीही.

या सतराच्या भागाकारात एक अज्ञात पूर्वज लपलेला आहे. तेव्हा पोलंडमध्ये असलेल्या ल्वुव शहरातला गणिती स्टेफान काच्मार्झ याने १९३७ साली पुष्कळ समीकरणं एकामागून एक सोडवण्याची एक रीत छापली होती. एक समीकरण घ्या, ते तंतोतंत जुळेल इतकं उत्तर सरकवा, मग पुढचं घ्या. सरकवायचं किती, तर चूक भागिले त्या समीकरणातल्या सहगुणकांच्या वर्गांची बेरीज. ॲडलाइनमध्ये प्रत्येक आत येणारा संकेत अधिक एक किंवा उणे एक असे, म्हणजे सतरा जणांच्या वर्गांची बेरीज बरोबर सतरा. नॉब फिरवणारा माणूस नकळत काच्मार्झचंच गणित हाताने करत होता. काच्मार्झ महायुद्धाच्या सुरुवातीलाच गेला, त्याला यातलं काही दिसलं नाही. १९७० मध्ये हीच रीत शरीराच्या क्ष-किरण छेदचित्रांसाठी नव्याने शोधली गेली.

ॲडलाइन बनलं त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत फ्रँक रोझेनब्लॅट यांचं पर्सेप्ट्रॉन यंत्र गाजत होतं. दोन्ही यंत्रांत एक बारीक फरक आहे. पर्सेप्ट्रॉन उत्तर बरोबर की चूक एवढंच बघे आणि चुकलं तरच बदले. ॲडलाइन निर्णयाच्या आधीचा काटा बघे, म्हणजे उत्तर बरोबर असलं तरी कितीसं काठावर आहे ते मोजे. परीक्षेत पास-नापास सांगणारे मास्तर आणि गुण देणारे मास्तर यांच्यातला हा फरक.

सतरा नॉब हाताने फिरवणं ठीक, हजारांचं काय? म्हणून विड्रो आणि हॉफ यांनी आपोआप फिरणारा नॉब घडवला. पेन्सिलीतलं शिसं तांब्याच्या क्षारद्रावात बुडवलं आणि वीज देऊन त्यावर तांब्याचा मुलामा चढवला. मुलामा जाड झाला की रोध कमी, उतरवला की जास्त. त्याला मेमिस्टर म्हणत. लिओन चुआ यांनी १९७१ मध्ये कागदावर मांडलेला मेमरिस्टर वेगळा, नावात तेवढा एका अक्षराचा घोळ. द्रावातले हे नॉब फार टिकाऊ नव्हते. हॉफ १९६८ मध्ये नव्याने निघालेल्या इंटेलमध्ये गेले आणि १९७१ च्या ‘४००४’ या मायक्रोप्रोसेसरच्या जनकांत त्यांचं नाव लागलं. सतरा खुंट्यांच्या डब्याचे कारागीरच पुढे गुणाकार स्वस्त करणाऱ्यांत असावेत, हा इतिहासाचा चांगला योग.

नॉबचा एक थर शिकवता येत होता. थरावर थर चढवले की मधल्या थराची चूक कुणाच्या माथी मारायची, हे कळेना. मधे निर्णय घेणारी पायरी होती, हो किंवा नाही, आणि पायरीला उतार नसतो. विड्रो त्या भिंतीशी काही वर्षं झगडले आणि मग गाळण्यांकडे वळले. इथून घराण्याच्या दोन शाखा झाल्या.

पहिली शाखा कानाशी संबंधित. परदेशी लागलेल्या फोनवर आपलाच आवाज उलटून ऐकू यायचा, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर, त्यामुळे आवाज तिकडे जाऊन परत यायला अर्धा सेकंद. पलीकडे जिथे तारांची जोडणी बदलते तिथून आवाजाचा थोडा अंश मागे फिरे आणि बोलणारा स्वतःच्याच वाक्याला अडखळे. ही वाट प्रत्येक कॉलला वेगळी, म्हणजे पूड दर कपाला बदललेली. न्यू जर्सीच्या बेल लॅब्जमध्ये मनमोहन सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर स्वतः शिकणारी गाळणी बसवली. सोंधी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. त्यांचा निबंध १९६७ चा. गाळणी प्रतिध्वनीची नक्कल बनवते, ती वजा करते आणि जे उरतं त्या चुकीवरून नक्कल सुधारते. तिथेच रॉबर्ट लकी यांनी १९६५ च्या आसपास टेलिफोनच्या तारेवर फाटणारे आकडे सावरणारं स्वयंचलित इक्वलायझर आणलं. तेही त्याच गोताचं.

विड्रोंचा स्वतःचा सर्वांत हृद्य प्रयोग १९७५ च्या निबंधात आहे. गर्भातल्या बाळाच्या हृदयाचा आलेख आईच्या पोटावरून घ्यायचा, तर आईचे ठोके त्याला बुडवून टाकतात. त्यांनी आईच्या छातीवरून चार जागी संकेत घेतले. तिथे जवळजवळ फक्त आईच ऐकू येते. एलएमएसने छातीवरच्या आईपासून पोटावरची आई घडवायला शिकायचं आणि ती वजा करायची. आलेखावर आईची उंच शिखरं विरत जातात आणि मागून बाळाची जलद, लहान शिखरं वर येतात. गाळणीला ना आई ठाऊक ना बाळ. छातीशी ज्याचा मेळ बसतो ते तिने काढलं, एवढंच.

दुसरी शाखा काही वर्षं जमिनीखालून वाहिली. १९७२ मध्ये रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी प्राणी कसे शिकतात याचं सूत्र दिलं, की अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत जेवढा फरक तेवढंच शिकणं. ते विड्रो-हॉफ सूत्राचंच भावंड आहे, हे रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं. मग १९८६ मध्ये डेव्हिड रूमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांनी पायरीच्या जागी घसरगुंडीसारखी वक्ररेषा बसवली. वक्राला उतार असतो, त्यामुळे चूक थराथरातून मागे वाटता आली. त्या रीतीला त्यांनी व्यापक ‘डेल्टा नियम’ म्हटलं. मूळ डेल्टा नियम म्हणजेच विड्रो-हॉफ नियम. आजची अजस्र भाषायंत्रं शिकतात तेव्हा थोड्या नमुन्यांची चूक घेऊन अगणित नॉब किंचित फिरवतात. वाट तीच, फक्त चूक थरांतून मागे उतरते. विड्रोही जुन्या प्रेमाकडे परतले आणि डेरिक न्युएन या विद्यार्थ्यासह त्यांनी जोडगाडीचा ट्रक उलटा नेऊन धक्क्याला लावायला नेटवर्कला शिकवलं. ज्याने कधी ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे घेतला असेल, त्याला या कामाची योग्यता वेगळी सांगायला नको.

या सगळ्या काळात गणितज्ञांच्या पंगतीत एलएमएसचं पान मात्र शेवटी होतं. चालतं खरं, पण कच्चं, खऱ्या लघुतम वर्गांची गरिबाघरची नक्कल, असा सूर असे. तो सूर बदलला स्टॅनफर्डमध्येच, आणि त्याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. थॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ चा, पुण्यातला. सेंट व्हिन्सेंट शाळेत शिकून १९५६ मध्ये ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले, म्हणजे ज्या वर्षी विड्रो डार्टमथला गेले त्याच वर्षी. १९६१ मध्ये एमआयटीची डॉक्टरेट, १९६३ पासून स्टॅनफर्ड. वीनरची परंपरा पुढे नेणाऱ्या सिद्धान्तकारांत त्यांचं स्थान अग्रभागी. म्हणजे ‘आधी स्वभाव जाणा, मग गाळा’ या घराण्याचे ते गवई.

बाबक हसीबी आणि अली सईद या विद्यार्थ्यांसह कैलाथ यांनी प्रश्नच फिरवला. सरासरी दिवशी कोण उत्तम, हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं, गोंगाटाबद्दल काहीही ठाऊक नाही, तो हवा तेवढा दुष्ट असू शकतो, अशा वेळी जास्तीत जास्त वाईट काय होईल? १९९६ मध्ये छापलेलं उत्तर स्वच्छ होतं. पाऊल पुरेसं लहान असेल तर एलएमएसच्या अंदाजातल्या चुकीची ऊर्जा, बाहेरून आलेल्या गोंगाटाच्या आणि सुरुवातीच्या अज्ञानाच्या एकत्र ऊर्जेपेक्षा कधीच जास्त होत नाही. आणि याहून चांगली हमी कोणतीही रीत देऊ शकत नाही. ज्याला सदतीस वर्षं जुगाड म्हटलं, ते आपल्या प्रश्नाचं तंतोतंत उत्तर निघालं. प्रश्न कोणता, तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

लघुतम वर्गांची हिशेबी गाळणी आपल्या माहितीवर विश्वास ठेवते, माहिती खरी असेल तर ती जिंकते. एलएमएस कशावरच फार विश्वास ठेवत नाही, आत्ताच्या चुकीवरसुद्धा थोडाच. म्हणून तिला फसवणं अवघड जातं. मैफलीच्या मध्येच हवा बदलून तंबोरा उतरतो, तेव्हा साथीदार हिशेब मांडत नाही. गाणं चालू असताना मणी किंचित सरकवतो आणि कान तारेवर ठेवतो.